जबड्यातले केसभर बोगदे आणि स्कॅनची नजर

पेशंटच्या हातात एक्स-रे दिला की दुखणारा दात सोडून त्याची नजर भलतीकडेच जाते. दातांच्या दवाखान्यात हे रोजचंच. त्यात पहिला नंबर खालच्या पुढच्या दातांमधल्या काळ्या रेघेचा. दोन मुळांच्या मधोमध, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक रेघ वरून खाली उतरत गेलेली असते. “हाडाला तडा गेलाय का हो?” हा प्रश्न ठरलेला.

तडा नसतो. ती रक्तवाहिनीची वाट असते. हाडातून एक बारीक धमनी, तिच्या सोबतीची शीर आणि मज्जातंतूचा एखादा धागा जात असतो, आणि त्यांच्याभोवती हाडाने नळीएवढी जागा सोडलेली असते. एक्स-रेत दिसते ती ही मोकळी जागा. आतली वाहिनी, तिच्यातलं रक्त यातलं काहीच दिसत नाही, कारण एक्स-रेला हाड आणि हाड-नसलेलं एवढाच फरक ठळक कळतो. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून निघतो.

हाड म्हटलं की शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवतो आणि हाड ही कोरडी, मेलेली वस्तू वाटते. जिवंत हाड ओलं असतं, रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. त्याला रसद लागते. खालच्या जबड्यात रसदीचा हमरस्ता एकच आहे: जबड्याच्या उभ्या भागात आतल्या बाजूने शिरायचं, दाढांच्या मुळांखालून पुढे यायचं आणि हनुवटीच्या अलीकडे बाहेर पडायचं. ही मोठी नलिका दोन-तीन मिलिमीटर रुंद असते आणि अक्कलदाढ काढणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. पण हमरस्त्याला गल्ल्या फुटतात. शिवाय हाडाच्या बाहेरच्या आवरणातूनही बारीक वाहिन्या छिद्रं पाडून आत येतात, आणि वय वाढेल तसं आतल्या मोठ्या वाहिनीचं काम कमी होऊन या बाहेरून येणाऱ्यांवर भार वाढत जातो. या गल्लीबोळांची रुंदी बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या आतच. हा लेख त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांना स्कॅनमध्ये पकडणं इतकं अवघड का जातं त्याबद्दल.

सावलीचा खेळ

रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि दोन-तीन महिन्यांच्या आत, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीतल्या ओटो वॉकहॉफ या दंतवैद्याने दातांचा पहिला एक्स-रे काढला. त्यासाठी २५ मिनिटं तोंडात फोटोची काच धरून बसावं लागलं होतं. आज ते काम सेकंदाच्या एका अंशात होतं. तत्त्व मात्र तेच राहिलं. किरण एका बाजूने आत जातात, दुसऱ्या बाजूला सावली पडते, आणि वाटेत आलेलं सगळं त्या एकाच सावलीत एकावर एक बसतं.

आता विचार करा: दहा मिलिमीटर जाडीच्या हाडात अर्ध्या मिलिमीटरची नळी आहे. तिच्यामुळे किरणांच्या वाटेतलं हाड कमी होतं ते अर्ध्या मिलिमीटरने. बाकीचं साडेनऊ मिलिमीटर हाड आपली सावली टाकतच असतं. त्या पसाऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची उणीव डोळ्याला जाणवणार कशी? खालच्या पुढच्या दातांपाशी ती जाणवते, कारण तिथे हाड मुळातच पातळ असतं. हिरड्यांच्या आजाराने किंवा दात पडून गेल्याने हाड आणखी पातळ झालेलं असेल तर रेघ अधिकच उठून दिसते. म्हणजे ज्याच्या एक्स-रेत रेघा जास्त, त्याच्या हाडात नलिका जास्त, असं नाही. रक्तदाब किंवा मधुमेहाशी या रेघांचं नातं जोडू पाहणारे अभ्यासही झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. एक्स-रे बघून कोणी रक्तदाबाचं निदान करू लागलं तर सरळ दंडाला पट्टा बांधून मोजून घ्यावं.

तडा आणि नलिका ओळखायची कशी? नलिकेची रुंदी बऱ्यापैकी सारखी राहते, कडा मऊ असतात, कधी दोन्ही बाजूंना पांढरी बारीक किनार असते. तडा वेडावाकडा, धारदार, आणि हाडाच्या बाहेरच्या कडेला पोचला की तिथे पायरी पडलेली. शिवाय तडा गेलेला माणूस सहसा सांगतोच की मार कुठे बसला.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. नलिका किरणांना आडवी असली तर रेघ दिसते. पण तीच नलिका कॅमेऱ्याकडे तोंड करून, म्हणजे किरणांच्या दिशेनेच पसरलेली असेल तर? बांबूची नळी आडवी धरली तर काठी दिसते, डोळ्यासमोर सरळ रोखली तर वर्तुळ. तसा एक्स-रेवर गोल काळा ठिपका उमटतो. तो नेमका मुळाच्या टोकावर पडला की थेट गळू वाटतो. आणि गळू वाटला की धडधाकट दाताचं रूट कॅनाल व्हायला वेळ लागत नाही.

यावरचा उतारा जुना आणि स्वस्त आहे. एक्स-रे यंत्राची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरा एक्स-रे घ्यायचा. ठिपका मुळाला खरोखर चिकटलेला असेल तर मुळाबरोबरच सरकेल. पुढे-मागे कुठे असेल तर मुळापासून सुटा होईल. चार्ल्स क्लार्क यांनी ही सरकवण्याची युक्ती १९१० च्या सुमारास मांडली आणि अजून तिला तोड नाही. जोडीला दाताला गार लावून बघायचं: कळ आली तर आतली नस जिवंत आहे, आणि मुळाभोवतीची पांढरी बारीक रेषा अखंड असेल तर घाई करायचं कारण उरत नाही.

ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच लांब चित्रात दाखवणारा एक्स-रे, याबद्दल फार लिहीत नाही. हमरस्ता दाखवायला तो ठीक. गल्ल्यांसाठी त्याच्यावर विसंबू नये. त्यात मधल्या भागावर मानेच्या मणक्यांची धूसर सावली येते, आणि हनुवटीजवळच्या नलिका नेमक्या तिथेच असतात.

ठोकळ्यांचं जग

१९९८ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाच्या एका गटाने आणि त्याच सुमारास जपानात योशिनोरी अराई यांनी दातांसाठी खास असं सीटी तंत्र पुढे आणलं. त्याला कोन बीम सीटी म्हणतात. रोजच्या बोलण्यात सीबीसीटी. डोक्याभोवती यंत्राची एक फेरी होते, वाटेत शेकडो चित्रं घेतली जातात, आणि संगणक त्यांच्यातून जबड्याचा त्रिमितीय ठोकळा उभा करतो. मग तो ठोकळा हवा तसा कापून बघता येतो. सावल्या एकावर एक बसण्याची कटकट संपली.

ती संपली आणि दुसरी सुरू झाली. हा मोठा ठोकळा कोट्यवधी चिमुकल्या घनांचा बनलेला असतो. त्या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. दातांच्या यंत्रांत त्याची बाजू साधारण ०.०७५ ते ०.४ मिलिमीटर असते. प्रत्येक घनाला करड्याची एकच छटा मिळते. घनाच्या आत अर्धं हाड आणि अर्धी पोकळी असली, तरी त्याला ‘अर्धा पांढरा, अर्धा काळा’ होता येत नाही. दोन्हींची सरासरी काढून तो करडा होतो.

हिशोबच करून बघू. ०.३ मिलिमीटर व्यासाची नलिका ०.४ मिलिमीटरच्या घनांतून सरळ चालली आहे, आणि नशिबाने अगदी मधोमध चालली आहे. घनाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मिलिमीटर, नलिकेचं ०.०७. म्हणजे सगळं मनासारखं जुळलं तरी प्रत्येक घनात पोकळी निम्म्याहून कमी आणि हाड निम्म्याहून जास्त. सरासरी हाडाच्या बाजूला झुकते. नलिका दोन घनांच्या सीमेवरून गेली तर हीच पोकळी दोघांत वाटली जाते आणि उरलासुरला काळेपणाही पुसला जातो.

घट्ट, भरीव हाडात असा फिकट करडा पट्टा निदान संशय तरी निर्माण करतो. जाळीदार हाडात तोही नाही. जबड्याचा आतला भाग स्पंजासारखा असतो, तिथे मुळातच शेकडो बारीक पोकळ्या असतात. भिंत नसलेली नलिका त्या पोकळ्यांत मिसळून जाते. म्हणून नलिका दिसणार की नाही हे तिच्या रुंदीइतकंच तिच्याभोवती घट्ट हाडाची किनार आहे का, यावर ठरतं.

मग घन आणखी लहान का करू नयेत? करता येतात, पण फुकट नाही. घनाची बाजू निम्मी केली की आकारमान आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे प्रत्येक घनाच्या वाट्याला येणारे किरणही तितकेच कमी. चित्रावर कण कण दिसू लागतात. ते घालवायचे तर किरण वाढवायचे, म्हणजे पेशंटला डोस वाढवायचा. एका लहानशा भागाच्या सीबीसीटीचा डोस सहसा शंभर मायक्रोसिव्हर्टच्या (हे किरणांच्या डोसाचं माप) आत असतो. पूर्ण चेहऱ्याचा काही शेवर जाऊ शकतो. तुलनेसाठी, निसर्गातून आपल्याला जगभरच्या सरासरीने वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. घाबरण्यासारखा आकडा नाही, पण ‘असू दे, जरा बारीक काढा’ म्हणून उधळण्यासारखाही नाही. त्यावर उपाय म्हणजे हवा तेवढाच भाग निवडायचा आणि तो बारीक घनांत काढायचा.

आणि यंत्राने ०.१ मिलिमीटरचे घन दिले तरी पेशंट हाडामांसाचा असतो. फेरी दहा-वीस सेकंदांची. त्यात एक आवंढा गिळला, खांदा जरा सैल सोडला, की डोकं ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हललेलं असतं. जाहिरातीत व्हॉक्सेलचा आकडा मोठ्या टाइपात छापतात. हनुवटी नीट टेकली होती का, हे कोणी छापत नाही.

प्रत्यक्ष बघताना काय होतं ते सांगतो. पडद्यावर खालच्या जबड्याचे आडवे काप आहेत. माउसचं चाक फिरवत मी हनुवटीच्या खालच्या कडेपासून वर निघतो. मधोमध, जिभेच्या बाजूला, भरीव पांढऱ्या हाडात एक खाच दिसते. एक काप वर: खाच आत सरकली. आणखी एक: आता ती कडेपासून सुटली आणि हाडाच्या पोटात काळा ठिपका झाला. आणखी दोन काप, आणि ठिपका पुढे सरकत सरकत जाळीदार भागात विरघळला. एकाच कापात दिसलेला ठिपका काहीही असू शकतो. सलग सात-आठ कापांत जो एका दिशेने चालत राहतो, तो बोगदा. मग उभा काप त्याच रेषेत लावतो, आणि अचानक अख्खी नलिका लांबच्या लांब, जिभेच्या बाजूच्या भिंतीतून आत उतरताना दिसते. तोच काप जरा तिरका केला की ती तुटक होते. आणखी थोडा, की नाहीशी. स्कॅन तोच, नलिका तीच, फरक कापाच्या कोनाचा.

धातूबद्दल एक ओळ. तोंडात धातूची कॅप किंवा आधीचं इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेला स्क्रू) असेल तर त्याच्याभोवती काळे-पांढरे फराटे येतात, आणि काळा फराटा नलिकेचं सोंग हुबेहूब घेतो.

अर्ध्या लोकांत असते की अर्ध्या स्कॅनमध्ये दिसते?

वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनस नावाची हवेची पोकळी असते. तिच्या बाहेरच्या भिंतीतून एक धमनी आडवी जाते आणि डोळ्याखालून येणाऱ्या दुसऱ्या धमनीला जाऊन मिळते. दाढा पडल्यावर तिथे इम्प्लांट बसवायला हाड कमी पडलं, तर सर्जन याच भिंतीला खिडकी पाडतात, आतलं नाजूक अस्तर वर उचलतात आणि खाली हाडाची भर घालतात. धमनी हिरडीकडच्या कडेपासून सरासरी सोळा-सतरा मिलिमीटरवर असते. खिडकीची वरची कड बहुधा तिच्या आसपासच येते.

सीटी आणि सीबीसीटीच्या अनेक अभ्यासांत ही नलिका सुमारे निम्म्या लोकांत दिसली. तेवढंच वाचलं तर वाटेल, निम्म्यांना ही धमनी असते, निम्म्यांना नसते. पण मृतदेहांची चिरफाड करून ज्यांनी ती शोधली, त्यांना ती सर्वांमध्ये सापडली.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे उलटं झालंय. आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही. काही जणांत धमनी इतकी बारीक की तिची नळी घनांच्या सरासरीत बुडते. काही जणांत ती हाडाच्या आत नसतेच. हाड आणि अस्तर यांच्या मध्ये, आतल्या बाजूच्या उथळ पन्हळीत पडून असते. स्कॅन हाडातली पोकळी दाखवतो. पन्हळ नसल्याइतकी उथळ असेल तर दाखवायला पोकळीच नाही. रक्त मात्र वाहतच असतं.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी: जी दिसत नाही ती बहुतेक वेळा बारीकच असते, आणि बारीक धमनीचं रक्त दाबून धरलं की थांबतं. दोन मिलिमीटरच्या घरातली धमनी फुटली तर जिवावर बेतत नाही सहसा, पण खिडकीत रक्त भरतं, काही दिसेनासं होतं आणि त्या गडबडीत अस्तर फाटतं. ती आधी स्कॅनमध्ये दिसली असेल तर खिडकी खाली घेता येते, किंवा ड्रिलच्या गरगर फिरणाऱ्या टोकाऐवजी (बर) कंपनांवर चालणारं पिझो यंत्र वापरता येतं. ते हाड कापतं, मऊ वाहिनीला सहसा धक्का लावत नाही.

हनुवटीमागच्या नलिकेची गोष्ट याच वळणाची, पण जास्त गंभीर. सुट्या, स्वच्छ केलेल्या जबड्यांच्या हाडांत जिभेच्या बाजूला मधोमध छिद्र जवळपास प्रत्येकाला असतं. तीच हाडं साध्या छोट्या एक्स-रेवर बघितली तर ते सुमारे निम्म्यांतच दिसतं, कारण किरण नलिकेच्या अगदी रेषेत आले तरच तो पांढऱ्या कड्यातला काळा टिपका उमटतो. सीबीसीटीत पुन्हा जवळजवळ सगळ्यांत दिसतं. जिभेखालून आणि हनुवटीखालून येणाऱ्या धमन्यांच्या फांद्या इथून आत शिरतात.

दात नसलेल्या माणसाला कवळी धरून ठेवायला इम्प्लांट बसवायचे तर हा भाग सर्वांत सोयीचा मानला जातो, कारण हमरस्ता इथवर येत नाही. ‘इथे काही नाही’ ही समजूत त्यातूनच आली. ड्रिल जरा तिरकं गेलं आणि जिभेच्या बाजूची भिंत फुटली, तर तिथली धमनी तुटून मागे तोंडाच्या तळाच्या मऊ भागात ओढली जाते. रक्त तिथेच साठतं, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. कधी हे खुर्चीतच कळतं, कधी पेशंट घरी गेल्यावर काही तासांनी. इम्प्लांटमुळे असं झाल्याच्या नोंदी १९८६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रकार विरळा आहे. पण झाला की दंतवैद्याच्या खुर्चीतून थेट श्वासनलिकेत नळी घालण्यापर्यंत मजल जाते. म्हणून इथे नलिका एक मिलिमीटरच्या पुढची दिसली तर ती अहवालात लिहायलाच हवी, आणि भिंतीला आतून खोलगट बाक असेल तर तोही.

वरच्या पुढच्या दातांपाशी आणखी एक वळणावळणाची नलिका आहे. फ्रेडरिक वुड जोन्स यांनी १९३९ मध्ये तिचं वर्णन केलं आणि तिच्या नागमोडी चालीवरून नाव दिलं कॅनालिस सायन्युओसस. डोळ्याखालच्या नलिकेतून ती फुटते, नाकाच्या कडेने वळसा घेते आणि दातांच्या मागे टाळूकडे उतरते. तिची फांदी सुळ्याच्या किंवा पटाशीच्या मुळावर पडली की तिथे गळू आहे किंवा मूळ झिजतंय असा भास होतो. शरीररचनेच्या पुस्तकात ती पूर्वीपासून होतीच. सीबीसीटी आल्यावर दंतवैद्यांना ती रोज भेटू लागली.

टक्क्यांवर किती भरवसा ठेवायचा

खालच्या हमरस्त्याला दुसरी शाखा किती लोकांत असते? ओपीजीवरच्या अभ्यासांत उत्तर मिळतं शंभरात एखादा. सीबीसीटीवरच्या एका अभ्यासात पंधरा टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात पासष्ट. माणसांचे जबडे इतके बदललेले नाहीत. घनाचा आकार वेगळा, कापाची जाडी वेगळी, ‘शाखा’ कशाला म्हणायचं याची व्याख्या वेगळी, बघणाऱ्याचा धीर वेगळा. असे आकडे वाचताना मी आधी यंत्राचं सेटिंग शोधतो आणि मग टक्के वाचतो. सेटिंग दिलेलं नसेल तर टक्के सोडून देतो.

वाहिनीच बघायची असेल तर मार्ग आहेत. एमआरआयमध्ये हाड काळं राहतं आणि त्यातला मज्जातंतू व वाहिन्यांचा जुडगा स्वतः उजळतो. मोठ्या नलिकेसाठी ते उपयोगी पडतं, अर्ध्या मिलिमीटरच्या गल्लीसाठी अजून तितकं नाही. तोंडाच्या तळातल्या धमन्या सोनोग्राफीत दिसतात, पण हाडाच्या आत ध्वनी शिरत नाही. मायक्रो सीटी काही मायक्रॉनपर्यंत सगळं उघड करतं, मात्र सुट्या हाडाच्या तुकड्यावर. जिवंत डोक्याला तो डोस देता येत नाही.

त्यामुळे रोजच्या कामात गाडी अहवालाच्या भाषेवर येऊन थांबते. ‘नलिका नाही’ असं मी लिहीत नाही. ‘०.२ मिलिमीटर व्हॉक्सेलच्या या स्कॅनमध्ये उजव्या सायनसच्या भिंतीत नलिका दिसली नाही, डावीकडे १.३ मिलिमीटरची, कडेपासून १४ मिलिमीटरवर’ असं लिहितो. डावीकडचा आकडा वाचून सर्जन खिडकी आखतो. उजवीकडची ओळ वाचून तो रक्त थांबवायचं सामान ट्रेमध्ये काढून ठेवतो की नाही, हे त्या सर्जनने किती वेळा फसून बघितलंय यावर अवलंबून असतं.